मोठ्या छापील चित्रांचे भागाभागांनी छायाचित्रण: कॅमेऱ्यासाठी पूल आणि सरकता पाट कसा बांधावा

स्कॅनरच्या काचेवर न मावणारा नकाशा, भित्तिपत्रक, शिळाछाप किंवा लाकडी ठशाचे मोठे चित्र एकाच छायाचित्रात टिपले, तर त्यातील बारीक तपशील हरवतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चौकट साधारणपणे ६००० बाय ४००० पिक्सेलांची असते. तिच्यात ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा ए-० आकाराचा कागद पूर्ण बसवला, तर दर इंचाला जेमतेम १२० पिक्सेल मिळतात, आणि कोरीव रेषा किंवा कडेची बारीक अक्षरे स्वच्छ वाचता येण्यासाठी ३०० ते ४०० पिक्सेल लागतात. म्हणून एकमेकांवर थोडे चढणारे भाग ओळीने टिपून ते संगणकावर जोडणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवून घेतलेली तिरकी छायाचित्रेही गणिताने सरळ करता येतात, हे खरे. परंतु तिरक्या चौकटीत जवळची आणि लांबची कड सारखी तीक्ष्ण राहत नाही, दोन्हीकडील तपशीलही सारखा मिळत नाही, आणि प्रकाशाची दिशा प्रत्येक चौकटीत बदलते. कॅमेरा कागदाला समांतर ठेवून सरकवणे, किंवा कॅमेऱ्याखालून कागद सरकवणे, हे त्याहून पुष्कळ चांगले.

असा सांगाडा बांधताना अचूकता कोठे खर्च करायची, हे आधी ठरवावे. कॅमेरा ठरलेल्या जागेपासून चार-पाच मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबला तर सहसा काही बिघडत नाही, कारण ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या चौकटींचा एकमेकींवर चढणारा भाग, तो फरक पोटात घेतो. मात्र त्याची उंची किंवा कोन चौकटीगणिक बदलू लागला, अथवा कागद कोठे उचललेला राहिला, तर जोडणीच्या रेषेवर दुहेरी रेषा उमटतात. पैसा आणि वेळ, दोन्ही ताठ सांगाड्यावर आणि सपाट पाटावर (कागद ठेवायच्या सरकत्या फळीवर) घालावेत. मोटर, स्वयंचलित नियंत्रक वगैरे गोष्टी त्यानंतर, आणि बहुधा लागतही नाहीत.

आधी आकडेमोड

लाकूड किंवा धातू कापण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा. पूर्ण आकाराचा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर (चित्र टिपणारा पट), वरचेच ६००० बाय ४००० पिक्सेल आणि दर इंचाला ४०० पिक्सेल असे धरले, तर एका चौकटीत ३८१ बाय २५४ मिलिमीटरचा भाग येतो. शेजारच्या चौकटी निदान ३० टक्के एकमेकींवर चढाव्यात, म्हणजे पुढची चौकट लांब बाजूने २६७ आणि आखूड बाजूने १७८ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नये. कागदाच्या चारी बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर मोकळी जागाही दिसली पाहिजे.

येथे एक छोटा फायदा लपलेला आहे. ए-० कागदाच्या लांबीच्या दिशेने चौकटीची लांब बाजू ठेवली, तर पाच बाय पाच अशी २५ छायाचित्रे लागतात. कॅमेरा काटकोनात वळवून चौकटीची आखूड बाजू कागदाच्या लांबीला समांतर केली, तर सात बाय तीन अशा २१ छायाचित्रांत काम होते. या दुसऱ्या मांडणीत रुंदीच्या दिशेने २५० मिलिमीटरची दोन आणि लांबीच्या दिशेने १६२.५ मिलिमीटरची सहा पावले पडतात, आणि दोन्हीकडे ओव्हरलॅप ३५ टक्क्यांच्या आसपास, जवळपास सारखाच राहतो. पुढील सर्व मापे याच मांडणीची आहेत. कागद वेगळ्या आकाराचा असल्यास याच रीतीने दोन्ही दिशांची गणना करून पाहावी.

आता लेन्स. कागदापासून सेन्सरपर्यंतचे अंतर काढण्यासाठी चौकटीची लांबी सेन्सरच्या लांबीने भागावी, आलेल्या संख्येत २ मिळवावेत आणि बेरजेला फोकल लांबीने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरांच्या आकड्याने) गुणावे. वगळलेली बारीकशी रक्कम बांधकामापुरती नगण्य असते. ३८१ भागिले ३६ म्हणजे १०.६, त्यावरून ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी अंतर सुमारे ६३ सेंटिमीटर आणि १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्ससाठी सुमारे १२६ सेंटिमीटर येते. पूल, म्हणजे कागदावरून आडवा जाणारा कॅमेऱ्याचा आधार, ठेंगणा आणि ताठ राहतो म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स सोयीची वाटते, पण कागदाच्या उंचसखलपणाचा हिशेब तिच्या विरुद्ध जातो. कागदाचा एखादा भाग २ मिलिमीटर उचललेला असेल, तर २५० मिलिमीटर अंतरावरून घेतलेल्या दोन शेजारच्या चौकटींत तो भाग वेगवेगळ्या जागी दिसतो, आणि हा फरक म्हणजे उचल गुणिले पाऊल भागिले लेन्सपासूनचे अंतर. ५० मिलिमीटरच्या लेन्सने तो सुमारे १४ पिक्सेल भरतो, १०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याच्या निम्मा. हा फरक कोणत्याही प्रोग्रॅमला पूर्णपणे पुसता येत नाही, कारण दोन्ही छायाचित्रे आपापल्या जागी खरीच असतात. याच सूत्रातून दिसते की पावले लहान केली तरी फरक घटतो, म्हणजे जास्त ओव्हरलॅप हा केवळ सुरक्षिततेचा प्रश्न नाही. छताची उंची पुरत असेल तर १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी; पुरत नसेल तर पाट टेबलाऐवजी जमिनीलगतच्या बैठकीवर ठेवावा. झूम लेन्स शक्यतो टाळावी, कारण कॅमेरा खाली तोंड करून लटकत असताना तिची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरते आणि दहाव्या चौकटीपर्यंत फोकल लांबी बदललेली असते.

पूल, गाडी आणि पाट

कॅमेरा दोन्ही दिशांना हलवणारा सांगाडा बांधणे अवघड आणि खर्चिक आहे, आणि कॅमेरा स्थिर ठेवून कागद दोन्ही दिशांना हलवायचा तर फार मोठी जागा लागते. म्हणून हालचाल वाटून घ्यावी: बैठकीवर आडवा पूल पक्का बसवावा, त्यावर कॅमेऱ्याची गाडी कागदाच्या रुंदीच्या दिशेने तीन जागी थांबावी, आणि पुलाखालून पाट लांबीच्या दिशेने सात जागी सरकावा. १३० सेंटिमीटर लांबीचा पाट ९७.५ सेंटिमीटर सरकणार असल्याने बैठक साधारण २.३ मीटर लांब हवी; पुलाच्या खांबांमध्ये एक मीटरहून थोडे अधिक अंतर पुरते.

पुलाची तुळई म्हणून खाचांची ॲल्युमिनियम प्रोफाइल वापरावी. ती ४० बाय ८० मिलिमीटरची घेऊन ८० ची बाजू उभी ठेवली, तर वजनाने येणारा झोल नगण्य राहतो. झोलापेक्षा पीळ अधिक घातक असतो: गाडी एका टोकाकडून दुसरीकडे जाताना तुळई किंचित पिळलेली असेल, तर कॅमेऱ्याचा कोन वाटेत बदलतो. म्हणून खांब दोन्ही बाजूंना तिरके आधार देऊन उभे करावेत, काटकोन गुण्याने तपासावेत, आणि सर्व बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

गाडीसाठी रेषीय रूळ आणि त्यावर सरकणारे दोन बेअरिंगचे ठोकळे घ्यावेत. दोन ठोकळ्यांमधील अंतर जितके जास्त तितकी गाडी कमी डुलते, ०.१ मिलिमीटरची सैल ५० मिलिमीटर अंतरावर ०.११ अंशाचा कल देते, तर २०० मिलिमीटर अंतरावर फक्त ०.०३ अंशाचा. कॅमेरा गाडीला बॉल-हेडने (गोळ्यावर सर्व दिशांना वळणाऱ्या जोडाने) जोडण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी जाड धातूची पट्टी तीन स्क्रूंवर आणि स्प्रिंग-वॉशरांवर बसवावी, म्हणजे प्रत्येक स्क्रू पाव फेरा फिरवून कल बारकाईने जुळवता येतो आणि नंतर तो हलत नाही.

पाटासाठी १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला तक्ता) चालतो, कारण प्लायवूडपेक्षा तो अधिक सपाट मिळतो. मात्र त्याच्या खालच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या ठोकून तो वाकणार नाही याची खात्री करावी. बैठकीवर दोन सरळ ॲल्युमिनियम कोनपट्ट्या समांतर बसवून त्यांच्यामध्ये पाट सरकवावा, आणि पाटाच्या बुडाला टेफ्लॉनच्या किंवा फेल्टच्या पट्ट्या चिकटवाव्यात. एका कोनपट्टीला १६२.५ मिलिमीटरच्या अंतराने छिद्रे पाडून पाटाला एक खीळ लावली, की प्रत्येक थांबा हाताला कळतो. दोन्ही कोनपट्ट्यांत पाट घट्ट बसवू नये. एकीला तो हलक्या स्प्रिंगने टेकलेला असावा आणि दुसरीकडे फट असावी. दोन्हीकडे घट्ट बसवलेला पाट हवेतील दमटपणाने फुगला की अडकतो.

कॅमेरा समांतर करणे

पाणसळ प्राथमिक जुळणीपुरती ठीक आहे, पण तिच्यावर थांबता येत नाही. अर्ध्या अंशाचा कल राहिला तरी ३८१ मिलिमीटरच्या चौकटीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ३.३ मिलिमीटर जवळ येते आणि चौकटीची एक आखूड कड दुसरीपेक्षा मोठी दिसू लागते. खरा निर्णय आरशाने करावा. सपाट, पातळ आरसा पाटावर कॅमेऱ्याच्या बरोबर खाली ठेवावा, ऑटोफोकस बंद करून आरशात दिसणाऱ्या लेन्सवरच फोकस करावा, आणि पडद्यावरील जाळीच्या मध्यबिंदूवर लेन्सच्या प्रतिबिंबाचा मध्य येईपर्यंत तिन्ही स्क्रू फिरवावेत. १०० मिलिमीटरच्या लेन्सने ०.१ अंशाचा कलही प्रतिबिंब सुमारे २९ पिक्सेल सरकवतो, म्हणजे घरगुती साधनांत याहून संवेदनशील मोजमाप मिळणे कठीण.

ही तपासणी एकाच जागी करून भागत नाही. गाडीच्या तिन्ही थांब्यांवर आणि पाटाच्या पहिल्या, मधल्या व शेवटच्या स्थितीत आरसा पुन्हा पाहावा. सर्व जागी प्रतिबिंब एकाच दिशेला तेवढेच सरकलेले असेल, तर स्क्रू फिरवून ते सुटते, आणि थोडेसे उरले तरी ते प्रत्येक चौकटीत सारखेच असल्याने जोडणीत निभावते. ते गाडीबरोबर बदलत असेल, तर पूल पिळलेला आहे. पाटाबरोबर बदलत असेल, तर बैठक सपाट नाही किंवा पाट वाकलेला आहे. दोन्ही ठिकाणी पातळ धातूच्या पट्ट्या खाली सरकवून दुरुस्ती करावी. कॅमेऱ्याच्या चौकटीची कड पाटाच्या सरकण्याच्या दिशेला समांतर आहे का, हेही पाहून घ्यावे: पाटावर पोलादी पट्टी ठेवून पाट सरकवला असता पट्टीची कड पडद्यावर त्याच रेषेवर राहिली पाहिजे.

कागद सपाट ठेवणे

गुंडाळी करून ठेवलेला कागद उलगडून लगेच छायाचित्रे घेऊ नयेत. कागद हवेतील आर्द्रतेनुसार फुगतो आणि आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक, म्हणून मोठ्या पत्राची लांबी एक-दोन मिलिमीटरने सहज बदलू शकते. तो त्याच खोलीत काही तास मोकळा ठेवावा आणि सर्व चौकटी सलग एकाच वेळी घ्याव्यात.

पाटावर पातळ लोखंडी पत्रा चिकटवून कागदाच्या कोऱ्या कडांवर लहान चुंबके ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. चुंबकाखाली मऊ कागदाची पट्टी असावी. मध्यभागी फुगवटा राहत असेल, तर पाटाखाली उथळ पेटी बसवून, वरच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रांची जाळी पाडून आणि पेटीला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडून कागद खाली ओढून धरता येतो. छिद्रे २ मिलिमीटरहून मोठी नसावीत, अन्यथा पातळ कागदावर त्यांचे खळगे दिसतात, आणि कागदाने न झाकलेली छिद्रे जुन्या वर्तमानपत्राने बंद करावीत. क्लीनरचा कंप सांगाड्याला पोचू नये म्हणून तो दूर जमिनीवर ठेवावा. काचेने कागद दाबण्याचा विचार शेवटी करावा: काचेवर परावर्तन येते, धूळ बसते, आणि जाड शाईचा थर काचेला चिकटण्याची भीती असते. जुना, ठिसूळ किंवा दुरुस्त केलेला कागद ओढूही नये आणि दाबूही नये. तेथे मोठ्या फोकल लांबीची लेन्स आणि लहान पावले यांवरच भिस्त ठेवावी. पातळ कागदाच्या मागेही मजकूर छापलेला असल्यास खाली काळा कागद अंथरावा, म्हणजे मागची अक्षरे पुढे उमटत नाहीत. मागची बाजू कोरी असल्यास पांढरा.

प्रकाश

दिवे खोलीत स्थिर ठेवले आणि गाडी व पाट सरकत राहिले, तर प्रत्येक चौकटीत उजेडाचा उतार वेगळा पडतो. दिवे गाडीलाच जोडले, तर उतार सर्व चौकटींत एकसारखा राहतो आणि एका कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या छायाचित्राने सर्वांची दुरुस्ती होते. म्हणून गाडीला पुलाच्या दोन्ही अंगांना, पाटाच्या सरकण्याच्या दिशेने, समान लांबीचे हात काढून दोन सारखे एलईडी दिवे बसवावेत. वजन दोन्हीकडे समतोल राहते आणि हात खांबांना अडत नाहीत. शिवाय प्रकाश चौकटीच्या आखूड बाजूवरून जात असल्याने तो अधिक एकसारखा पडतो. दिव्याची कागदापासूनची उंची आणि चौकटीच्या मध्यापासूनचे आडवे अंतर सारखे ठेवले, म्हणजे ४५ अंशांचा कोन साधतो; दोन्हीसाठी ६० सेंटिमीटर हे बरे माप आहे. दिव्यांचा रंगदर्शक निर्देशांक (त्यांच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९५ किंवा अधिक असावा आणि खोलीतील इतर सर्व दिवे बंद असावेत.

चकाकी तपासण्यासाठी पुन्हा आरसा कामी येतो: तो चौकटीभर फिरवून पाहावा, आणि त्यात कोठेही दिवा दिसला नाही तर सपाट कागदावर दिव्याची चकाकी पडणार नाही. पांढरे छत किंवा चकचकीत धातू दिसत असल्यास गाडीखाली लेन्सपुरते भोक पाडलेले काळे कापड बांधावे. वार्निश केलेल्या किंवा जाड काळ्या शाईच्या छपाईसाठी दिव्यांवर ध्रुवण फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला पोलरायझर लावावा. शटर बरेच अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, पण काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र अशा प्रकाशात कागदावरील ठशाचा दाब, धातूपत्र्याची खूण आणि कागदाचा पोत जवळजवळ नाहीसे होतात. मुद्रणाची रीत अभ्यासण्यासाठी प्रत हवी असेल, तर एकाच बाजूने तिरका प्रकाश टाकून दुसरी मालिका घ्यावी, आणि त्या मालिकेत जागा वाचवण्यासाठी कागद अर्ध्यावर उलटा फिरवू नये, कारण सावल्यांची दिशा उलटते आणि अर्धे चित्र उठावाचे, अर्धे खोलगट दिसते.

टिपणे

कॅमेऱ्यावर सर्व काही हाताने ठरवावे: आयएसओ १००, ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८, ठरावीक शटर, ठरावीक व्हाइट बॅलन्स, रॉ स्वरूप (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती). इमेज स्टॅबिलायझेशन बंद करावे, आणि चित्र आपोआप फिरवण्याची सोयही बंद करावी. कॅमेरा सरळ खाली पाहत असताना त्याला उभे-आडवे कळत नाही, आणि मधलीच एखादी चौकट काटकोनात वळलेली निघते. फोकस पडद्यावर मोठा करून कागदाच्या मध्यभागी जुळवावा आणि लेन्सचे कडे चिकटपट्टीने बांधावे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ/८ ला या प्रमाणात सुमारे १२ मिलिमीटरची खोली तीक्ष्ण राहते, त्यामुळे फोकसची चिंता कागदाच्या उंचसखलपणापेक्षा कमी आहे. इलेक्ट्रॉनिक शटर कंप टाळते, पण स्वस्त एलईडी लुकलुकत असल्यास आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी शटर दशांश सेकंदाच्या पटीत ठेवावे, कारण विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असो वा ६०, तेवढ्या काळात तिची पूर्ण आवर्तने बसतात.

पहिली चौकट २४ रंगखणांच्या पट्टीची आणि दुसरी पूर्ण चौकट व्यापणाऱ्या कोऱ्या पांढऱ्या पत्राची घ्यावी. कागदाच्या दोन लगतच्या कडांशी मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवाव्यात. मग पाट एका थांब्यावर ठेवून गाडी तिन्ही जागी न्यावी, पाट पुढे सरकवावा, आणि शेतात नांगर वळावा तसे गाडीला उलट्या दिशेने परत आणावे. या क्रमाने पाट फक्त सहा वेळा हलतो, आणि कागद सरकण्याची शक्यता पाट हलतानाच सर्वाधिक असते. प्रत्येक थांब्यानंतर सांगाड्याचा कंप विरेपर्यंत काही सेकंद थांबून मग संगणकावरून किंवा रिमोटने शटर सोडावे.

जोडणी

रॉ फाइलींवर प्रथम पांढऱ्या पत्राच्या आधारे उजेडाची दुरुस्ती करावी; रॉ-थेरपी, लाइटरूम क्लासिक आणि कॅप्चर वन या तिन्हींत तिची सोय आहे. रंग आणि लेन्सची दुरुस्ती सर्व चौकटींना एकसारखी लावून १६ बिटांच्या टिफ फाइली काढाव्यात.

फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये ‘रिपोझिशन’ ही मांडणी चौकटी फक्त सरकवते, ताणत किंवा वाकवत नाही. सांगाडा कितपत जमला याची ती उत्तम परीक्षा आहे: तिच्यात बारीक रेषा जोडावर दुहेरी झाल्या नाहीत, तर पुढे फारसे काही करावे लागत नाही. फरक दिसत असेल तर हुगिन हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. त्याचे नेहमीचे गणित एकाच जागी उभ्या राहून फिरणाऱ्या कॅमेऱ्याचे असते, म्हणून त्यात कॅमेऱ्याच्या जागेचे एक्स, वाय, झेड हे तीन घटक आणि रोल (चौकटीचे तिच्याच पातळीत फिरणे) एवढेच मोकळे सोडावेत, यॉ आणि पिच (कॅमेऱ्याचे डावे-उजवे आणि वर-खाली कलणे) शून्यावर ठेवावेत, आणि मधली चौकट आधार म्हणून स्थिर ठेवावी. सर्व जुळणीबिंदूंचा (दोन चौकटींत सापडलेल्या समान खुणांचा) सरासरी फरक एक-दोन पिक्सेलांच्या आत आला नाही, तरच यॉ आणि पिच मोकळे करावेत. प्रकाशाची आपोआप जुळवणी बंदच ठेवावी. पांढऱ्या पत्राची दुरुस्ती नीट झालेली असेल, तर मिश्रण न करता नुसत्या शेजारी ठेवलेल्या चौकटींतही जोड जवळपास दिसत नाही.

दोन प्रकारच्या जागा त्रास देतात. छापील आकाश किंवा समुद्र अशा कोऱ्या भागांत जुळणीबिंदू सापडत नाहीत. तेथे खिळीच्या थांब्यांवरून माहीत असलेली जागा हाताने भरावी, आणि त्यासाठीच छिद्रे नीट मोजून पाडलेली असावीत. याउलट समांतर रेघांची छटा, जाळीचे ठिपके किंवा आलेखाचे चौकोन यांत प्रोग्रॅम एक घर चुकून शेजारच्या घराशी जोड लावतो, म्हणून अशा भागांतील बिंदू स्वतः पाहून गाळावेत.

तयार चित्र मोजून तपासावे. दर इंचाला ४०० पिक्सेलांच्या चित्रात एक मीटर म्हणजे १५,७४८ पिक्सेल. कागदावरील दोन ठळक खुणांमधील अंतर पोलादी पट्टीने मोजून ते चित्राशी ताडावे, आणि दोन्ही कर्णही मोजावेत, कारण लांबी-रुंदी बरोबर असूनही चित्र तिरपे झालेले असू शकते. ए-० कागदाचे हे चित्र सुमारे १८,७२४ बाय १३,२४४ पिक्सेलांचे, म्हणजे जवळपास २५ कोटी पिक्सेलांचे होते, आणि १६ बिटांत एकाच थरात दीड गिगाबाइट जागा घेते. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची मर्यादा २ गिगाबाइट असल्यामुळे थरांसह जपायचे असल्यास मोठ्या फाइलींसाठीचे पीएसबी स्वरूप वापरावे आणि अंतिम प्रत एका थराच्या टिफमध्ये ठेवावी. मूळ २१ रॉ फाइली, रंगपट्टीची व पांढऱ्या पत्राची चौकट आणि जोडणीची प्रकल्प फाइल एकाच फोल्डरमध्ये ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकांनी नावे देऊन ठेवाव्यात, म्हणजे एखादा जोड पुढे सदोष आढळला तर कागद पुन्हा न उलगडता तेवढाच भाग नव्याने जोडता येतो.